मूल वाचत नाही? टॉनिक नको, रोजची पंधरा मिनिटे द्या

“डॉक्टर, बाकी सगळे ठीक आहे हो, पण वाचायला बसवले की याचे पोट दुखते. बुद्धीचे एखादे टॉनिक लिहून द्या.” शाळेच्या पहिल्या चाचणीचे गुण हातात पडले की हे वाक्य दवाखान्यात हमखास ऐकायला मिळते. पाठोपाठ आणखी दोन वाक्ये येतात: “मोबाईल मात्र तासन्‌तास चालतो” आणि “अंगात नुसता आळस भरलाय.” मूल शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळे ऐकत असते.

वाचन सुधारणारे टॉनिक अस्तित्वात नाही. कोणतेही ‘मेमरी सिरप’ घेऊन न वाचणारे मूल वाचू लागते, असे सिद्ध झालेले नाही. उपाय आहे तो सरावाचा, आणि सराव नकोसा वाटत असेल तर तो रोज होत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की वाचनाचा सराव मजेचा करणे म्हणजे मुलाचे लाड करणे नव्हे. कडू गोळीवर साखरेचा थर असतो, तो गोळी पोटात जावी म्हणून. इथेही तसेच आहे. मजा नसेल तर डोस जात नाही, आणि डोस गेला नाही तर गुण येत नाही.

वाचणे एवढे अवघड का असते?

बोलणे मूल आपोआप शिकते. घरात माणसे बोलत असली की पुरे. वाचनाचे तसे नाही. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली आहेत. मेंदूत वाचनासाठी जन्मतः वेगळे केंद्र नसते. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाजवळचा, डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूचा एक भाग सरावाने अक्षरे ओळखायला शिकतो आणि भाषेच्या व उच्चाराच्या केंद्रांशी जोडला जातो. ही जोडणी पुन्हा पुन्हा वाचूनच पक्की होते.

आपली देवनागरी लिपी इंग्रजी स्पेलिंगपेक्षा नियमित आहे हे खरे, पण लहान मुलासाठी ती सोपी नाही. तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर जोडाक्षरे सोडूनही चारशेच्या आसपास आकार ओळखावे लागतात. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी दिसते आणि उच्चारायची मात्र नंतर. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ दिसतो सारखा, पण बोलतो वेगळा. ‘करवत’ असे लिहायचे आणि ‘कर्‌वत’ असे वाचायचे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा फरक तर मोठ्यांनाही थबकायला लावतो.

मूल अडखळत वाचते तेव्हा त्याची सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यात खर्च होते. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, त्यामुळे अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागला नाही की गोष्टीत मजा उरत नाही. सायकल शिकताना हँडल, पेडल आणि ब्रेक यांतच लक्ष अडकलेल्या माणसाला आजूबाजूचा देखावा दिसत नाही, तशीच ही अवस्था आहे. आपण मोठी माणसे हा टप्पा कधीच विसरून गेलेलो असतो. म्हणून मुलाचे थकणे आपल्याला आळस वाटते.

आधी शरीराकडे पाहा

मजेचे उपाय सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घ्या. हे काम तुमच्या डॉक्टरांचे आहे.

पहिले डोळे. शाळेच्या तपासणीत दूरचा तक्ता नीट वाचला, एवढ्यावर निश्चिंत राहू नका. प्लसचा नंबर असलेल्या मुलाला फळा स्पष्ट दिसू शकतो, पण पुस्तक वाचताना डोळ्यांवर ताण येतो. अशी मुले थोड्या वेळाने डोळे चोळतात, डोके दुखते म्हणतात, ओळ चुकवतात. लहान मुलांचा नंबर नीट काढायचा तर बहुधा डोळ्यांत थेंब घालून तपासावे लागते. हे नेत्रतज्ज्ञांकडूनच करून घ्या.

दुसरे कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साचून थोडे कमी ऐकू येऊ शकते. मूल बोलते, हाक ऐकते, त्यामुळे घरात शंकाही येत नाही. पण ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ‘ब’ यांतला बारीक फरक नीट ऐकू आला नाही, तर अक्षराशी आवाज जोडायचा तरी कसा?

तिसरी झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सकाळी सहाला शाळेच्या बससाठी उठणाऱ्या मुलाकडून संध्याकाळी एकाग्रतेची अपेक्षा करणे रास्त नाही. घोरणारे, तोंड उघडे ठेवून झोपणारे मूल असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ॲडेनॉइड वाढलेले असू शकतात.

चौथे रक्त. लोहाच्या कमतरतेने होणारा ॲनिमिया आपल्याकडे फार आढळतो. असे मूल लवकर दमते, चिडचिड करते, लक्ष टिकत नाही. साध्या तपासणीत हे कळते आणि उपचारही साधे आहेत. मात्र लोहाचे औषध मनाने सुरू करू नका.

आणि एक गोष्ट क्वचित आढळणारी, पण महत्त्वाची. वाचता-बोलताना मूल मध्येच काही सेकंद शून्यात पाहते, हाकेला प्रतिसाद देत नाही आणि पुन्हा जणू काही झालेच नाही असे वागू लागते, असे वारंवार होत असेल तर तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो. त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडू नका, दाखवून घ्या.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मोफत तपासणी होते. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येणाऱ्या या पथकाकडे मुलाची तक्रार जरूर सांगा.

भीतीने सराव होत नाही

तपासणीत काही निघाले नाही, तरी मूल वाचायला बसत नाही. मग आपण काय करतो? पुस्तक समोर ठेवतो, बोट दाखवतो आणि “वाच” म्हणतो. प्रत्येक चुकीला मध्येच अडवतो. “अरे, कालच सांगितले होते ना?” हे तर ठरलेले. आपल्या मते हा सराव असतो. मुलाच्या दृष्टीने ती रोजची तोंडी परीक्षा असते, आणि तीही अशी की तीत तो रोज नापास होतो.

भीती आणि लाज यांचा थेट परिणाम वाचनावर होतो. नुकतीच वाचलेली अक्षरे काही क्षण डोक्यात धरून ठेवायला मेंदूला जागा लागते. ती जागा ‘आता आई ओरडणार’ या विचाराने भरली, तर येत असलेला शब्दही आठवत नाही. त्यातून पोटदुखी, डोकेदुखी, वारंवार पाणी प्यायला उठणे सुरू होते. ही पोटदुखी नाटकी असते असे समजू नका. भीतीने खरोखर पोट दुखते.

यात नुकसान मोठे आहे. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक गोष्ट ठळकपणे मांडली. ज्याला वाचता येते तो आवडीने वाचतो, म्हणून त्याचे वाचन आणि शब्दसंग्रह वाढत जातो. ज्याला जमत नाही तो टाळतो, म्हणून आणखी मागे पडतो. सुरुवातीचे थोडेसे अंतर वर्षागणिक रुंदावते. चौथी-पाचवीनंतर तर इतिहास, विज्ञान, गणिताची शाब्दिक उदाहरणे, सगळेच वाचूनच शिकायचे असते. तोपर्यंत मुलाने मनाशी ठरवून टाकलेले असते की आपण ‘ढ’ आहोत. वाचन उशिरा का होईना सुधारता येते. ही समजूत काढून टाकणे मात्र फार कठीण जाते.

डोस किती आणि कसा?

रोज १० ते १५ मिनिटे पुरेत. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे कधीही चांगली. वेळ ठरलेली असावी, जेवणानंतर किंवा झोपण्यापूर्वी. टीव्ही बंद आणि तुमचा मोबाईलही दूर. मूल रंगात असतानाच थांबा. “अजून थोडे” असे त्याने म्हटले पाहिजे.

पुस्तक सोपे निवडा. एक पान वाचायला द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजा. पाचही बोटे संपली तर ते पुस्तक आज त्याच्यासाठी जड आहे. ते तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि त्याच्या हाती सोपे द्या. चौथीतल्या मुलाने दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचली तर बिघडत नाही. पाय मुरगळलेल्या माणसाला आपण पहिल्या दिवशी सिंहगड चढायला सांगत नाही.

सुरुवातीला जोडीने वाचा. तुम्ही आणि मूल शेजारी बसून एकाच वेळी मोठ्याने वाचायचे, त्याच्या गतीने. त्याला वाटले की आता जमेल, तर त्याने टेबलावर टकटक करायची आणि तुम्ही गप्प व्हायचे. अडला तर मनात पाचपर्यंत मोजा. नाहीच जमले तर शब्द सांगा, त्याला तो एकदा म्हणू द्या आणि पुन्हा जोडीने पुढे चला. ओरडणे नाही, उपदेश नाही, “विचार कर” नाही. ही पद्धत इंग्लंडमध्ये अनेक वर्षे वापरात आहे आणि तिला शिक्षकाचे प्रशिक्षण लागत नाही.

तीच गोष्ट पुन्हा वाचायची असे मूल म्हणाले तर वाचू द्या. पालकांना वाटते, पाठ झाले, आता काय उपयोग? उपयोग आहे. अमेरिकेत वाचनविषयक संशोधनाचा आढावा घेणाऱ्या नॅशनल रीडिंग पॅनेलचा अहवाल २००० साली आला. कुणाच्या तरी मदतीने, मोठ्याने, पुन्हा पुन्हा वाचल्याने ओघ सुधारतो, हा त्यातला एक निष्कर्ष होता. दुसऱ्यांदा वाचताना आवाज बदलून वाचा. तुम्ही कोल्हा, तो सिंह. तिसऱ्यांदा आजीला फोनवर वाचून दाखवू द्या. सराव तोच, पण प्रत्येक वेळी कारण नवे.

धाकटे भावंड असेल तर फारच छान. मोठ्या मुलाला “तू त्याला गोष्ट वाचून दाखव” असे सांगा. सोपे पुस्तक वाचण्याची लाज आपोआप जाते, कारण आता तो शिकवणारा असतो.

खेळ, गाणी आणि पाट्या

वाचनाचा पाया आवाज ओळखण्यात आहे, आणि त्यासाठी आपल्या घरात खेळ आधीपासून आहेत. गाण्याच्या भेंड्यांमध्ये शेवटचे अक्षर पकडावे लागते. ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळताना एका अक्षराने सुरू होणारे शब्द शोधून लिहावे लागतात. आपण लहानपणी बोलायचो ती ‘च’ची भाषा आठवते? ‘मला’चे ‘चलाम’ आणि ‘भूक’चे ‘चकभू’. शब्दाचे तुकडे करून ते फिरवणे हा आवाज ओळखण्याचा उत्तम व्यायाम आहे आणि मुलांना त्यात गुपिताची मजा वाटते.

गाणीही वापरा. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक साधी कल्पना मांडली. टीव्हीवरच्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द दाखवायचे. पुढे दूरदर्शनवर हा प्रयोग झाला. ओळखीचे गाणे कानावर पडत असताना डोळे शब्दांमागे आपोआप धावतात. घरी आवडत्या गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा आणि गाणे लावा. काम तेच होते.

पुस्तकच हवे असा हट्ट धरू नका. एसटीची पाटी, दुकानांचे फलक, बिस्किटाच्या पुड्यावरची माहिती, क्रिकेटचा धावफलक, किराणा मालाची यादी, थालीपीठाची कृती, हे सगळे वाचनच आहे. “पुढची बस कुठली ते तू सांग” या वाक्यात मुलाला खरे काम मिळते. चित्रकथांना तुच्छ लेखू नका. ‘चिंटू’सारख्या चित्रमालिकेत वाक्ये छोटी असतात, चित्रामुळे अर्थ लागतो आणि शेवटी हसू येते. न वाचणाऱ्या मुलाला याहून जास्त काय हवे?

पैसे खर्च करायलाच हवेत असेही नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या बालकथा पातळीनुसार मोफत मिळतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ लहानांसाठी आहे, तर थोडे जमू लागलेल्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. सातारा जिल्ह्यातले भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ आहे. महाबळेश्वर-पाचगणीला जाल तेव्हा तिथे अर्धा दिवस थांबा आणि पुस्तक मुलालाच निवडू द्या.

मुलाने निवडलेले पुस्तक तुम्हाला फालतू वाटले तरी चेहऱ्यावर दाखवू नका. डायनासोर असो की भूत, आधी वाचनाची गोडी लागू द्या. अभिरुची पुढे घडते.

बक्षीस आणि तुलना

“एक पुस्तक वाच, पन्नास रुपये देतो.” हा सौदा मला पटत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढायला आवडणाऱ्या काही मुलांना ‘चित्र काढले तर बक्षीस’ असे आधी सांगितले. पुढे बक्षीस नसताना याच मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढली. आवडीचे काम मोबदल्याचे झाले की आवड आटते. त्यापेक्षा “तो अवघड शब्द तू स्वतःच सोडवलास” असे नेमके कौतुक करा. आणि वाचन ही शिक्षा कधीच करू नका. “मस्ती केलीस ना, बस आता दहा पाने वाचत” असे म्हटले, की औषधाच्या बाटलीवर आपण स्वतःच ‘विष’ लिहितो.

“ताईने तुझ्या वयात श्यामची आई वाचली होती” हेही नको. तुलना करायचीच तर मुलाची त्याच्याशीच करा. महिन्यातून एकदा त्याचे वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करा. तीन महिन्यांनी त्यालाच ऐकवा. स्वतःची प्रगती कानाने ऐकण्यासारखे बक्षीस नाही.

कोणत्या भाषेत?

इंग्रजी माध्यमातले पालक हे हमखास विचारतात. वाचन म्हणजे अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे, या दोन्हींचा गुणाकार. त्यातले एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. घरी मराठी बोलणारे मूल इंग्रजी शब्द कसेबसे उच्चारते, पण अर्थ लागत नाही, तेव्हा वाचन त्याला निरर्थक वाटणारच. म्हणून मजेचे वाचन त्या भाषेत करा, जिच्यात मूल हसते आणि भांडते. अक्षरातून अर्थ काढण्याची सवय एका भाषेत लागली की दुसरीत उपयोगी पडते. मराठी वाचल्याने इंग्रजी बिघडत नाही.

आणि ज्या पालकांना स्वतःला फारसे वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये. शेजारी बसा, मुलाला वाचू द्या, चित्राकडे बोट दाखवून विचारा, “मग पुढे काय झाले?” ऐकणारा आनंदाने ऐकतो आहे, हे मुलाला पुरते.

मजा पुरेशी नसते तेव्हा

मजेने सराव होतो, पण मजा म्हणजे उपचार नव्हे, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. सुरुवातीला ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ होणे स्वाभाविक आहे. पण तीन-चार महिने नियमित, प्रेमाने सराव करूनही फरक पडत नसेल, दुसरी-तिसरी संपत आली तरी साधे शब्द अंदाजाने वाचले जात असतील, तोंडी उत्तरे हुशारीची आणि लिहिलेले मात्र अगदीच तुटक असेल, किंवा घरात आणखी कुणाला अशी अडचण असेल, तर डिस्लेक्सियाचा विचार करायला हवा. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’मुळे हा शब्द घरोघरी पोहोचला, पण आपल्याच मुलाबाबत तो उच्चारायला पालक अजून घाबरतात.

डिस्लेक्सिया हा बुद्धीचा दोष नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडणी मेंदूत सहज होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. यावर गोळी नाही, पण प्रशिक्षित विशेष शिक्षकाकडून पायरीपायरीने शिकवल्यास मुले वाचू लागतात. बालरोगतज्ज्ञांकडून सुरुवात करा, पुढे मानसशास्त्रज्ञांकडून चाचण्या होतात. मुंबईच्या सायन रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतही ही सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत सवलती मिळतात. रंगीत चष्मे, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग यांवर पैसे घालवू नका. त्यांच्या दाव्यांना भक्कम शास्त्रीय आधार नाही.

हा प्रश्न थोड्या घरांपुरता नाही. ‘असर’ २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. ही सगळी मुले आळशी किंवा आजारी असू शकत नाहीत. शाळांना माझी विनंती आहे की, वर्गात सर्वांसमोर उभे करून अडखळणाऱ्या मुलाला वाचायला लावू नका, आणि अभ्यासक्रमाबाहेरच्या सोप्या पुस्तकांसाठी रोज थोडा वेळ राखून ठेवा. अमेरिकेत १९८९ साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी तपासणीला येणाऱ्या लहान मुलांना पुस्तक भेट देण्याचा ‘रीच आउट अँड रीड’ हा उपक्रम सुरू केला आणि तो देशभर पसरला. आपल्याकडेही दवाखान्यांच्या प्रतीक्षा कक्षात औषध कंपन्यांच्या पत्रकांऐवजी मुलांची दहा पुस्तके ठेवता येतील. माझ्या डॉक्टर मित्रांनी हे मनावर घ्यावे.

तुम्ही मात्र कोणाची वाट पाहू नका. डोळे आणि कान तपासायची वेळ या आठवड्यात ठरवा. आज रात्री एक सोपे, गमतीचे पुस्तक घ्या, मुलाला शेजारी घ्या आणि पहिले पान तुम्हीच वाचा, अगदी नाटकी आवाजात. दुसऱ्या पानावर त्याला एकच ओळ द्या. चुकला तर हसू नका, ओरडू नका, शब्द सांगा आणि पुढे चला. पंधरा मिनिटे झाली की पुस्तक मिटा, गोष्ट संपलेली नसली तरी. उद्या त्यानेच ते उघडले, तर समजा औषध लागू पडू लागले आहे.